बुजलेल्या खाडीच्या काठाने कोलकाता

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



हीरक महोत्सवी वर्षात नववीची शैक्षणिक सहल कोठे न्यावी, यावर शिक्षक-सभेत बराच खल झाला. महाबळेश्वर, वेरूळ, हैदराबाद ही नेहमीची नावे पुढे आली. आपल्या भूगोलाच्या शिक्षकांनी मात्र कोलकात्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी दिलेले कारण ऐकून सगळेच चकित झाले. ते म्हणाले, "ठाण्याच्या मुलांनी एक खाडी रोज पाहिली आहे. आता त्यांना नाहीशी झालेली खाडी दाखवू या." कोलकात्याला गंगा आहे, हुगळी आहे, हे आपल्याला ठाऊक असते, पण तेथे खाडी होती, हे मलाही केवळ नकाशातून माहीत होते. ती खाडी, तिच्या काठच्या वस्त्या आणि त्या वस्त्यांमध्ये आम्हांला अनपेक्षितपणे भेटलेला आपलाच, मराठ्यांचा, इतिहास यांविषयी आज बोलणार आहे.

प्रथम थोडा भूगोल सांगते. कोलकाता समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत आहे. तरी हुगळीला भरती-ओहोटी आहे. मोठ्या भरतीच्या दिवसांत नदीच्या मुखातून पाण्याची भिंत उलटी वर चढते. बंगालीत तिला 'बान' म्हणतात आणि ती येणार असली की घाटावरचे नावाडी आपल्या होड्या प्रवाहाच्या मध्यात नेतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सामान्यतः शहराचे पाणी नदीकडे उतरते. कोलकात्यात नेमके उलटे आहे. नदीने शतकानुशतके गाळ टाकून आपला काठ उंच केला आहे, त्यामुळे जमीन नदीपासून दूर, पूर्वेकडे उतरत जाते. पूर्वेला एकेकाळी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण सरोवरे होती. विद्याधरी नदीच्या वाटेने बंगालच्या उपसागराची भरती तेथवर येत असे. पश्चिमेला हुगळी, पूर्वेला समुद्राचा हा आत शिरलेला हात आणि मध्ये उंचवट्याची चिंचोळी पट्टी, अशा जागी सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर ही तीन गावे वसली होती. १६९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून त्यांचे जमीनदारी हक्क मिळवले. जॉब चार्नॉक हा या शहराचा संस्थापक, हे आपण पाठ्यपुस्तकांत वाचत आलो. २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो संस्थापक नव्हे आणि शहराला जन्मदिवस नाही, असा निर्वाळा दिला. आमच्या इतिहासाच्या बाईंना ही बातमी फार आवडते.

या दोन पाण्यांना जोडणारी एक खाडी शहराच्या मधून वाहत होती. आजच्या चांदपाल घाटाजवळ ती हुगळीला मिळे. तेथून पूर्वेला, पूर्वीच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या, म्हणजे आताच्या किरणशंकर राय रोडच्या जागेवरून, धर्मतल्याच्या उत्तरेने वेलिंग्टन चौकाकडे आणि तेथून क्रीक रो या गल्लीतून बेलेघाट्याच्या दिशेने ती खाऱ्या सरोवरांत जात असे. क्रीक रो! गल्लीचे नावच 'खाडी-गल्ली'. पाणी मात्र एक थेंबही नाही. आम्ही या गल्लीत उभे राहिलो तेव्हा एका मुलाने विचारले, "बाई, मग खाडी आहे कुठे?" मी म्हटले, "तू तिच्यावरच उभा आहेस." तो नकळत एक पाऊल मागे सरकला.

१७३७ साल आपल्याला, ठाणेकरांना, वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. त्याच वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीस, कोलकात्यावर भयंकर चक्रीवादळ आले. सेंट ॲन चर्चचा मनोरा कोसळला, गोविंदराम मित्र यांच्या नवरत्न मंदिराचे शिखर पडले, आणि या खाडीत होड्या फुटल्या. त्यावरून त्या भागाला 'डिंगाभांगा' म्हणजे होडी फुटलेली जागा हे नाव पडले, असे सांगतात. त्या वादळात तीन लाख माणसे मेली, असा आकडा पुष्कळ पुस्तकांत छापलेला आढळतो. त्या वेळी शहरात तेवढी वस्तीही नव्हती. छापलेला आकडा तपासून पाहावा, हे मुलांना शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

आता या खाडीच्या काठाने चालू या. आरंभी सेंट जॉन चर्च लागते. आवारात चार्नॉकची समाधी आहे. तिच्या काळसर दगडावरून भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यांनी १८९३ मध्ये एका खडकाला 'चार्नोकाइट' हे नाव दिले. दगड मात्र मद्रासजवळच्या पल्लावरमचा. बंगालच्या गाळात दगड कोठून येणार? पुढे वेलिंग्टन चौक. त्याला आता राजा सुबोध मल्लिक यांचे नाव आहे. वंगभंगाच्या चळवळीत राष्ट्रीय शिक्षणासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले आणि त्या प्रयत्नांतून पुढे जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. शाळेच्या इमारत-निधीसाठी दारोदार फिरलेल्या आपल्या संस्थापक मंडळींना १९०५ सालचे लाख रुपये म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

जवळच बहूबाजार. तेथे भीमचंद्र नाग यांचे मिठाईचे जुने दुकान आहे. मुलांचे लक्ष संदेशाकडे होते, माझे भिंतीवरच्या घड्याळाकडे. कुक अँड केल्वी या इंग्रज घड्याळजींचे ते घड्याळ. पण तबकडीवरचे आकडे बंगाली! दुकानातल्या कारागिरांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मालकांनी तशी तबकडी मागितली, अशी कथा सांगतात. आपल्या शाळेच्या प्रवेशद्वारावरचे देवनागरी आकड्यांचे घड्याळ दुरुस्तीस द्यावे की बदलून टाकावे, हा विषय गेली दोन वर्षे कार्यकारिणीच्या टिपणात पडून आहे. माझे मत काय आहे ते आपण ओळखले असेलच.

याच बहूबाजारात २०१९ च्या ऑगस्टअखेर भुयारी मेट्रोचा बोगदा खणताना यंत्र भूजलाच्या साठ्याला भिडले, बोगद्यात पाणी शिरले, जमीन खचली, जुनी घरे पडली आणि कुटुंबेच्या कुटुंबे रात्रीतून रस्त्यावर आली. बुजलेली खाडी आणि ही दुर्घटना यांचा थेट संबंध जोडण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच म्हणते की, या शहराखाली पाणी किती जवळ आहे, ते तेथील रहिवाशांना त्या रात्री कळले. एकोणिसाव्या शतकात सियालदहला तळे खोदताना खोल मातीत सुंदरी झाडांचे उभे बुंधे सापडले होते. सुंदरी म्हणजे सुंदरबनातली खारफुटी, आपल्या तिवरांची नातलग. आज जेथे लोकलगाड्यांची गर्दी उसळते, तेथे कधीकाळी खाजण होते.

पुढे बेलेघाटा. नावातच घाट आहे. कालव्यांतून सुंदरबनाचा माल येथे उतरत असे. पण हे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते १९४७ च्या ऑगस्टमुळे. दंगलींनी होरपळलेल्या कोलकात्यात गांधीजी येथील हैदरी मंझिलमध्ये राहिले. स्वातंत्र्याचा दिवस त्यांनी येथेच काढला आणि सप्टेंबरच्या आरंभी दंगल पुन्हा उसळली तेव्हा येथेच उपोषण केले. चौथ्या दिवशी ते सुटले आणि शहर शांत झाले. त्या घरात आमची मुले फार बोलली नाहीत.

आता ज्या विषयासाठी मी मुद्दाम जास्त वेळ राखून ठेवला आहे, त्याकडे येते. शहराच्या उत्तर टोकाला, बागबाजारात, एका गल्लीचे नाव आहे 'मराठा डिच लेन'. डिच म्हणजे खंदक. मुलांनी पाटी वाचली आणि एकच जल्लोष केला. कोणी 'हर हर महादेव'ही म्हटले. मराठ्यांनी बांधलेला खंदक, असा त्यांचा समज झाला. तो मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक आहे, हे सांगितल्यावर जल्लोष ओसरला.

१७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर. १७४२ मध्ये त्यांनी काटव्याजवळ दाईंहाट येथे दुर्गापूजा मांडली, ती पूर्ण होण्याआधीच नवाब अलीवर्दीखानाने छापा घातला. १७४४ मध्ये त्याच नवाबाने तहाच्या बोलण्यासाठी बोलावून मनकऱ्याच्या छावणीत त्यांना दग्याने मारले. अखेर १७५१ च्या तहात नवाबाने ओडिशा सोडला आणि वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली. आपल्या पुस्तकांत हा इतिहास एवढ्यावर संपतो, आणि संपतो तो विजयाने.

बंगालच्या बाजूने तोच इतिहास निराळा दिसतो. त्या स्वारांना तेथे 'बर्गी' म्हणतात. शब्द आपलाच आहे, 'बारगीर'. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, हे आपण शिकवतो. त्या साध्या लष्करी संज्ञेचा बंगालीत लुटारू असा अर्थ झाला. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. त्यात जळालेली गावे, पळणारी माणसे आणि स्त्रियांवरचे अत्याचार यांचे वर्णन आहे. आजही बंगाली आई मूल निजवताना जी अंगाई म्हणते, तिच्यात बर्गी येतात आणि धान बुलबुलांनी खाल्ल्यावर सारा द्यायचा कसा, ही चिंता येते. आपल्याकडे बागुलबुवा, त्यांच्याकडे आपण.

या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी १७४२ च्या सुमारास शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाला आणि मराठे काही आले नाहीत. काम तेथेच थांबले. मराठ्यांनी कोलकात्यात पाऊल टाकले नाही. तरी त्यांच्या नावाची खूण शहराच्या नकाशावर कायमची उमटली. खंदकाच्या आत राहणाऱ्यांना 'डिचर' असे थट्टेचे नाव पडले. पुढे १७९९ मध्ये बराचसा खंदक बुजवून सर्क्युलर रोड काढला; आज त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची नावे आहेत. उरलेला भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुजला.

त्या संध्याकाळी हाजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासात मुलांची मोठी चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, "बाई, हे आपल्या पुस्तकात का नाही?" एका मुलाला ते मान्य नव्हते, शत्रूने लिहिलेले खरे कशावरून, असा त्याचा सवाल होता. गंगाराम शत्रू नव्हता, तो गावातला माणूस होता, असे त्या मुलीने उत्तर दिले. मी मध्ये पडले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ मध्ये बंगालीत 'देशेर कथा' हे पुस्तक लिहिले. इंग्रजी राज्याने देशाची कशी लूट केली, हे त्यात आकडेवारीने मांडले होते. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. याच देउस्करांच्या पुढाकाराने कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला, रवींद्रनाथांनी त्यानिमित्ताने 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली, आणि १९०६ मध्ये लोकमान्य टिळक त्या उत्सवाला गेले. ज्यांच्या पूर्वजांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्यांनीच दीडशे वर्षांनी शिवछत्रपतींचा उत्सव मांडला. पुढे जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई या दोन इतिहासकारांनी मैत्री जोडून मराठ्यांची कागदपत्रे बरोबरीने संपादित केली. यात एक गोष्ट दुसरीला पुसून टाकत नाही. अंगाईही राहिली आणि कविताही राहिली. त्या दोन मुलांचा वाद अजून चालू आहे, आणि वर्गशिक्षिका म्हणतात की त्यामुळे इतिहासाच्या तासाला वर्ग जागा असतो.

शेवटच्या दिवशी आम्ही खाडी जेथे संपत होती तेथे, शहराच्या पूर्वेला गेलो. विद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत म्हणून जाहीर झाली. भरती येणे थांबले, सरोवरांतला खारेपणा ओसरला, आणि शहरापुढे प्रश्न आला की सांडपाणी सोडायचे कोठे. अभियंता बी. एन. डे यांच्या आराखड्यानुसार पूर्वेकडे, कुलटीपर्यंत, लांब नाले काढण्यात आले. वाटेवरच्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी त्या नाल्यांतले पाणी आपल्या तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. या तळ्यांना तेथे 'भेडी' म्हणतात. कोकणातली खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बांध, उघाडी, पाणी घेणे, पाणी सोडणे हे सारे ओळखीचे वाटेल.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पामर बाजार, बालीगंज, तपसिया येथील पंपिंग स्टेशनांतून शहराचे सांडपाणी नाल्यांत येते. थंडीत भेडी कोरडी करून तळ उन्हात वाळवतात. मग तीत सांडपाणी घेऊन दोन-तीन आठवडे स्वस्थ ठेवतात. भेडी उथळ असते, ऊन तळापर्यंत पोहोचते. जीवाणू घाणीचे विघटन करतात, शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते. पाण्याचा रंग आणि वास पाहून अनुभवी माणूस ठरवतो की आता मासे सोडायचे. रोहू, कटला, मृगल, तिलापिया ते शेवाळ खातात. पुढे थोडे थोडे सांडपाणी आत येत राहते, निवळलेले पाणी भातशेतीला जाते. काठाला जलपर्णी मुद्दाम राखतात. ती बांध लाटांपासून वाचवते आणि पाण्यातले जड धातू शोषते. आपल्याकडे जलपर्णी काढण्यासाठी निविदा निघतात. शेजारच्या धाप्याला शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाजी पिकते. अशा सुमारे अडीचशे भेड्या आहेत, आणि एवढ्या मोठ्या शहराच्या सांडपाण्याचा बराचसा भार त्या वीज न जाळता वाहतात. त्यातून वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासळी शहराला मिळते.

हे सारे जगासमोर आणले ते ध्रुवज्योती घोष यांनी. ते सरकारी अभियंता होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी शहराचे सांडपाणी नेमके जाते कोठे, हा प्रश्न घेऊन ते नाल्याच्या काठाने चालत निघाले आणि भेड्यांपाशी पोहोचले. 'हे शास्त्र येथल्या लोकांचे आहे, माझे नाही,' अशीच त्यांची भूमिका होती. १९९२ मध्ये कोलकात्याच्या एका नागरिक संघटनेच्या याचिकेवर न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी ही पाणथळ जमीन भरण्यास मनाई केली. २००२ मध्ये साडेबारा हजार हेक्टरांचा हा प्रदेश रामसर यादीत गेला आणि २००६ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. घोष २०१८ मध्ये वारले.

कायदा झाला म्हणून सगळे सुरक्षित झाले, असे नव्हे. बांधावरून पाहिले तर एका बाजूला मासे उड्या मारत असतात आणि दुसऱ्या बाजूला इमारती पुढे पुढे सरकताना दिसतात. भेडीवर जाळे ओढणारे एक वयस्कर गृहस्थ आमच्या मुलांना मोडक्या हिंदीत म्हणाले, "रात को मिट्टी गिरता है, सुबह तालाब छोटा हो जाता है." उत्तरेला सॉल्ट लेक आहे. १९६२ मध्ये मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांनी हुगळीचा गाळ नळांतून आणून खारे सरोवर भरण्याचे काम सुरू केले. काम युगोस्लाव्हियाच्या एका कंपनीकडे होते, आराखडा तोश्कोविच यांचा. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी भरलेल्या शहराला घरे हवी होती. त्या निर्णयाला मी येथे बसून नावे ठेवणार नाही. पण पहिल्या भरावाला कारण होते, त्यानंतरच्या प्रत्येक भरावाला तेच कारण चालवून घ्यावे का, हे तेथील नागरिक विचारत आहेत.

आपली शाळा ठाण्याच्या खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८५४ मध्ये याच खाडीवरून देशातल्या पहिल्या रेल्वे पुलांपैकी एक पूल गेला. २०१५ मध्ये तिला रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले, २०२२ मध्ये तिचेही नाव रामसर यादीत गेले. म्हणजे कोलकात्याच्या भेड्या आणि आपली खाडी आता एकाच यादीत आहेत. आपल्यापैकी पन्नाशी उलटलेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल की, मधल्या सुट्टीत मुले जेथे निवट्या बघायला जात, तेथे आज काय आहे.

सहलीहून परतल्यावर नववीच्या मुलांनी एक काम हाती घेतले आहे. शाळेच्या पाच किलोमीटर परिसराचा नकाशा काढून ते त्यात जुनी पाण्याची नावे भरत आहेत. चेंदणी कोळीवाडा, मीठबंदर ही नावे नकाशावर आली. पण मिठागरांच्या बांधांना, उघाड्यांना, बुजलेल्या तळ्यांना आणि ओहोळांना कामकरी माणसे कोणत्या नावांनी ओळखत, ते कोणत्याही छापील नकाशात नाही. ते आपल्या आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या बोलण्यात आहे. ग्रंथालयातल्या मोठ्या टेबलावर तो नकाशा पसरून ठेवला आहे. शनिवारी दुपारी एक ते चार दोन विद्यार्थी तेथे वही घेऊन बसतात. नाव, ते कोणाकडून ऐकले आणि साधारण जागा कोणती, एवढे त्यांना सांगावे. ज्यांना येणे शक्य नाही, त्यांनी कार्यालयात साध्या कागदावर लिहून पाठवले तरी चालेल. पूर्वेकडचा, खाडीलगतचा भाग अजून जवळजवळ कोरा आहे.